काळ्या जमिनीतलं तळघर: खोदण्याआधी, ओल आल्यावर आणि पाणी भरल्यावर

विदर्भातल्या गावांना तळघर नवं नाही. जुन्या वाड्यांत भुयार असायचं, गढीत असायचं, वर्षाची ज्वारी जमिनीखालच्या पेवात राहायची. आता गावाबाहेरच्या प्लॉटवर घर बांधणाऱ्याला नवतपातला ४५ अंशांचा पारा आठवतो, सोयाबीन-तुरीचे कट्टे ठेवायला जागा हवी असते, आणि तो मिस्त्रीला म्हणतो, "खालती एक खोली काढून द्या." मिस्त्री काढूनही देतो. प्रश्न सुरू होतात ते पहिली झड लागली की.

मग घरातलं म्हातारं माणूस हमखास म्हणतं, "आमच्या वाड्यातलं भुयार शंभर वर्षं कोरडं होतं, आताचं सिमेंटच खराब." सिमेंटचा दोष क्वचित असतो. जुनं गावठाण पांढरीवर वसलेलं असायचं आणि शेती काळीत. पांढरीची माती पाण्याने फारशी फुगत नाही, उन्हाने फारशी भेगाळत नाही, आणि गावठाण बहुधा आजूबाजूपेक्षा उंचावर असे. आज आपण अकृषक करून घेतलेला प्लॉट म्हणजे कालचं कपाशीचं वावर. तिथली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि या दोन्ही वेळी तळघराच्या भिंतीला त्रास देते. पुढचं सगळं या एका फरकातून निघतं.

आधी जमीन पाहा, तीही योग्य महिन्यात

तळघराचा निर्णय उन्हाळ्यात घेऊ नका. मे महिन्यात कुठलाही खड्डा कोरडाच दिसतो. भाद्रपद-आश्विनात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात, प्लॉटजवळच्या दोन-तीन विहिरींत डोकावून पाहा. पाणी जमिनीपासून किती फुटांवर आहे ते दोरी सोडून मोजा. तळघराची फरशी आठ फूट खाली येणार असेल आणि विहिरीचं पाणी सहा फुटांवर असेल, तर ती खोली वर्षातले दोन-तीन महिने पाण्याखाली असणार. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी जिल्ह्या-जिल्ह्यांत आहेत. त्यांच्या जिल्हा कार्यालयात तुमच्या भागातल्या पावसाळ्यानंतरच्या पातळीची चौकशी करता येते. पण शेजारच्या विहिरीइतकी खरी साक्ष दुसरी नाही.

पूर्व आणि पश्चिम विदर्भ इथे वेगळे धरायला हवेत. बुलडाण्यात वर्षाला सरासरी ७००-८०० मिलिमीटर पाऊस, गडचिरोलीत त्याच्या दुपटीच्या जवळपास. भंडारा-गोंदियात घराशेजारी धानाच्या बांध्या किंवा मामा (माजी मालगुजारी) तलाव असेल तर तिथून झिरपणारं पाणी चार महिने थांबत नाही. अशा जागी मी तळघराचा विचारच करणार नाही. वैनगंगा, वर्धा, पैनगंगा किंवा पूर्णेच्या काठचं गाव असेल तर आजवरचा सर्वांत मोठा पूर कुठवर आला होता ते जुन्या माणसांना विचारा. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेचं पाणी भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत पसरलं, तेव्हा पावसाचा जोर नसलेल्या गावांतही घरं बुडाली.

आता माती. जेसीबी लावून प्लॉटच्या एका कोपऱ्यात चाचणी-खड्डा घ्या, फरशीच्या नियोजित पातळीखाली आणखी तीन-चार फूट जाईल असा. आत कोणी उतरू नये; बादलीत आलेली माती वरूनच पाहा. दोन-तीन फुटांवर काळी संपून मुरूम लागला तर जमीन चांगली. दहा-बारा फूट नुसती काळीच निघाली तर पूर्ण खोल तळघर विसरा. उन्हाळ्यात काळ्या जमिनीतल्या भेगा हातभर खोल तर जातातच, पण ओल-कोरडेपणाची ही हालचाल त्याच्याही खाली पोचते. म्हणूनच अशा मातीत पायाचे अंडर-रीम्ड पाइल (खाली फुगीर केलेले काँक्रीटचे खांब) घ्यायचे तर भारतीय मानकानुसार ते जमिनीखाली किमान साडेतीन मीटर न्यावे लागतात. त्यापेक्षा कमी खोलीचं तळघर या हलणाऱ्या थरातच उभं असतं.

माती किती फुगते याचा अंदाज घरीही घेता येतो. खड्ड्यातली माती वाळवून, कुटून, मैद्याच्या चाळणीने चाळा. शंभर मिलिलिटरची दोन मोजपात्रं घ्या, प्रत्येकात दहा-दहा ग्रॅम माती टाका. एकात रॉकेल शंभरच्या खुणेपर्यंत भरा, दुसऱ्यात बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी. काडीने ढवळून हवा काढा आणि चोवीस तास हलवू नका. रॉकेलात माती फुगत नाही, पाण्यात फुगते. समजा रॉकेलात ती १० मिलिलिटरवर बसली आणि पाण्यात १८ वर, तर फुगवटा ८० टक्के. पन्नास टक्क्यांच्या वर आकडा गेला की काम इंजिनिअरच्या डिझाइनशिवाय करायचं नाही, आणि शंभराच्या वर गेला तर तळघर करायचंच नाही, असं मी सांगेन. पक्का अहवाल हवा असेल तर अमरावती, अकोला, यवतमाळ, नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत मृदा-यांत्रिकीच्या प्रयोगशाळा आहेत. शेतीचा माती-परीक्षण अहवाल मात्र इथे चालत नाही. त्यात नत्र, स्फुरद, पालाश आणि सामू असतो. माती किती भार पेलेल आणि किती फुगेल हे त्यात नसतं.

अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात आणखी एक परीक्षा लागते, पाण्याची. तिथलं बोअरचं खारं पाणी काँक्रीटमध्ये वापरलं तर आतली सळई गंजते, आणि गंज फुगून काँक्रीटचे टवके उडतात. सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, ही भारतीय मानकाची मर्यादा आहे. तपासणी होईपर्यंत बोअर चालू करू नका, टँकर बोलवा.

पूर्ण खोल की अर्धं?

काळ्या जमिनीत माझं मत स्पष्ट आहे: अर्धं तळघर करा. फरशी जमिनीखाली तीन ते चार फूट, आणि घराचं जोतं तेवढंच वर. आत उंची सहा ते आठ फुटांची मिळते, जमिनीच्या वर खिडक्या येतात, भिंतीवर मातीचा दाब निम्म्याहूनही खूप कमी होतो. दाब खोलीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे आठ फूट खोल भिंतीवर चार फुटांच्या चौपट जोर येतो. गारवा थोडा कमी मिळेल हे खरं, पण खोली उन्हाळ्यात उघडून वाळवता येते, हा फायदा मोठा. सातपुड्याच्या पायथ्याला, बुलडाण्याच्या घाटालगत किंवा यवतमाळच्या चढ-उतारावर प्लॉट असेल तर उताराचा उपयोग करा: तीन बाजू जमिनीत, चौथी उताराकडे मोकळी. पाणी आपल्या पायाने बाहेर जातं, मोटार लागत नाही.

परवानगीचं थोडक्यात. तुमच्या बांधकामाला कोणाची लेखी परवानगी लागते ते ग्रामपंचायतीत आधी विचारा, आणि नकाशावर तळघर दाखवलेलं असावं. नंतर बँकेचं कर्ज घेताना किंवा विक्री करताना हा कागद नसला तर काम अडतं. खोदलेला मुरूम विकायचा किंवा बाहेर न्यायचा असेल तर आधी तहसीलमध्ये गौण खनिजाचा नियम विचारून घ्या.

बांधायचंच ठरलं, तर क्रमाने

खोदाई दिवाळीनंतर, भूजल उतरू लागलं की. भिंतीबाहेरची भरण मृगाआधी पूर्ण. हे वेळापत्रक जमत नसेल तर काम एक वर्ष पुढे ढकला. पावसाळ्यात उघडा राहिलेला खड्डा शेजारच्याच्याही पायाला धोका.

खोदताना काळ्या मातीच्या उभ्या कडेवर विश्वास ठेवू नका. उन्हात सुकलेली कड दगडासारखी घट्ट दिसते, पण तिच्यात उभ्या भेगा असतात आणि कांड्याच्या कांड्या कोसळतात. पाच फुटांपेक्षा खोल गेलात तर कडेला उतार द्या किंवा फळ्या-बल्ल्यांचा आधार लावा. निघालेली माती कडेपासून किमान पाच फूट दूर टाका, जेसीबीही कडेला उभा करू नका. शेजारी जुनी मातीची किंवा दगडाची भिंत असेल तर तिच्या पायाखाली सलग खोदायचं नाही. चार-चार फुटांचे तुकडे एकाआड एक घेऊन पाया बांधत जायचं, आणि तेही इंजिनिअर जागेवर असताना.

भिंत विटांची नको. नऊ इंची विटांची भिंत मजला पेलते, पण बाजूने येणारा मातीचा आणि पाण्याचा दाब पेलायला ती केलेली नसते. मधोमध पोट काढून आत येणाऱ्या भिंती बहुतेक विटांच्याच असतात. सळईचं काँक्रीट हवं, किमान आठ इंच जाड, एम-२५ किंवा त्यावरच्या ताकदीचं, मातीकडच्या बाजूला सळईवर ५० मिलिमीटर आवरण. नेमकी सळई किती ते इंजिनिअर ठरवेल. फरशी आणि भिंत यांचा सांधा ही पाण्याची सगळ्यात आवडती वाट. तिथे काँक्रीट ओतण्याआधी पीव्हीसीची वॉटर-स्टॉप पट्टी बसवून घ्या. ही पट्टी स्वस्त असते, आणि "काही गरज नाही" म्हणून हमखास गाळली जाते.

फरशीचाही हिशेब करा. खोली तीन बाय चार मीटरची, म्हणजे १२ चौरस मीटर. श्रावणात भूजल फरशीच्या तळापेक्षा दीड मीटर वर आलं तर पाणी खालून सुमारे १८ टन जोराने ढकलतं. सहा इंच काँक्रीटच्या फरशीचं वजन साडेचार टनांच्या आसपास. म्हणजे नुसती फरशी टिकणार नाही, उचलली जाईल किंवा मधोमध फुटेल. तिची सळई भिंतींत गुंतवलेली असावी, म्हणजे सगळ्या घराचं वजन तिच्यावर बसतं. आणि वरचं घर उभं राहण्याआधीच पावसाळा आला तर? तळघर रिकामं आणि हलकं असताना धोका सर्वांत जास्त असतो, म्हणून तेव्हा काय करणार ते ठेकेदाराला आधी विचारा.

भिंतीच्या बाहेरच्या अंगाला वॉटरप्रूफिंग. सिमेंट-पॉलिमरचे थर, डांबरी पट्टा, किंवा शहाबादी फरशीचं बॉक्स वॉटरप्रूफिंग, यातलं जे करणारा कारागीर तुमच्या भागात अनुभवी असेल ते घ्या. कारागिराच्या हाताने फरक पडतो, डब्यावरच्या नावाने कमी. हे करण्याआधी काँक्रीटला विदर्भाच्या उन्हात चौदा दिवस पाणी मारा, पोत्याची ओली बारदानं टाकून. नंतर भरण.

भरणीची चूक सगळ्यात महाग पडते. खोदलेली काळी माती परत भिंतीलगत टाकायची नाही. ती वावरात न्या, तिथे तिची किंमत आहे. भिंतीलगत एक फूट रुंद गिट्टीचा थर, त्याच्या मागे जाळीदार कापड, आणि मग मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून, धुमसाने ठोकून. फुगणाऱ्या मातीपुढे न फुगणाऱ्या मातीचा थर दिला की दाब कमी होतो, यावर मुंबईच्या आयआयटीत प्रा. आर. के. कट्टी यांनी दीर्घकाळ काम केलं, आणि आपल्या विदर्भातल्या रस्त्या-कालव्यांखाली तोच मुरूम वापरला जातो. भिंतीला वरून तळघराच्या स्लॅबचा आधार मिळेपर्यंत ही भरण करू नका, नाहीतर भिंत आत झुकते.

पण इथे एक मेख आहे. चारी बाजूंनी काळी माती आणि मध्ये मुरूम-गिट्टी, म्हणजे पाण्यासाठी आयताच हौद. काळी माती पाणी सोडत नाही, मुरूम ते गोळा करतो. म्हणून गिट्टीच्या तळाशी भोकं पाडलेला चार इंची पाइप घराभोवती फिरवावा लागतो, शंभर फुटांना एक फूट उतार देऊन, आणि त्याचं तोंड नालीत किंवा उताराच्या शेतात काढावं लागतं. शोषखड्ड्यात सोडू नका. काळ्या जमिनीतला शोषखड्डा पावसाळ्यात स्वतःच भरलेला असतो. उतार मिळत नसेल तर पाइप एका टाकीवजा खड्ड्यात आणून मोटारीने उपसावा. मोटारीला फ्लोट-स्विच, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि इन्व्हर्टर तिन्ही हवेत, कारण झड लागते तेव्हाच लाइन जाते.

भरणीच्या माथ्यावर घराभोवती चार-पाच फूट रुंदीची फरसबंदी, बाहेर उतार देऊन. माझ्या हिशेबात घरमालकाच्या सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फायदा देणारं काम हेच.

ओल कुठून येते, ते आधी ओळखा

तळघर आधीच आहे आणि भिंती ओल्या आहेत, ही जास्त लोकांची अवस्था. दुकानात जाऊन वॉटरप्रूफिंगचा डबा आणण्याआधी पंधरा दिवस वहीत नोंद ठेवा: ओल कधी दिसते, कुठे, किती उंचीपर्यंत. ओल येण्याची वेळच तिचं मूळ सांगते.

पाऊस पडल्यावर तासा-दोन तासांत भिंत ओली होत असेल तर ते छताचं किंवा अंगणातलं पाणी. शंभर चौरस मीटरच्या छतावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५,००० लिटर पाणी होतं. ते पन्हळीविना भिंतीच्या पायथ्याशी पडत असेल तर आत यायला वाट शोधणारच. पन्हळ लावा, पाइपने दहा-बारा फूट दूर न्या, अंगणाचा उतार घराकडून बाहेर करा. बऱ्याच घरांत काम एवढ्यावर भागतं.

झड दोन-तीन दिवस चालल्यावर ओल येते आणि पाऊस थांबूनही आठवडे जात नाही, शिवाय फरशीच्या कडेने पाझरते, तर ते भूजल. यावर आतून लेप लावून उपयोग नाही. पाणी बाहेरून ढकलतंय आणि लेप आतून चिकटलाय; तो पोपडा धरून सुटतो. उपाय बाहेर खोदून भरण, पाइप आणि वॉटरप्रूफिंग नव्याने करणं. ते शक्य नसेल तर आतल्या बाजूला भिंतीच्या पायथ्याशी चार इंची नाली काढून पाणी कोपऱ्यातल्या दोन फुटी खड्ड्यात घ्यायचं आणि मोटारीने उपसायचं. पाणी येऊ द्यायचं, पण त्याच्या वाटेने जाऊ द्यायचं, हा मार्ग कमीपणाचा नाही.

पाऊस नाही, पण उकाडा आणि दमट हवा आहे, आणि लोखंडी कपाट, पाइप, फरशी घामेजल्यासारखी ओली, तर ती बाहेरच्या दमट हवेची वाफ गार भिंतीवर बसलेली आहे. याची साधी परीक्षा: फूटभर चौकोनी प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा. दोन दिवसांनी थेंब प्लॅस्टिकच्या खोलीकडच्या अंगाला असतील तर हवेची ओल, भिंतीकडच्या अंगाला असतील तर भिंतीतून येणारी. हवेच्या ओलीवर उपाय उलटा आहे. लोक श्रावणात "हवा लागू द्या" म्हणून दारं उघडतात आणि आणखी ओल आत घेतात. पावसाळी दमट दिवसांत तळघर बंद ठेवा, कोरडं ऊन पडलं तर दुपारी उघडा. खरं वाळवणं फेब्रुवारी ते मे. तिथे कूलर मात्र लावू नका. कूलर पाण्याची वाफच खोलीत सोडतो.

आणि ओल बारमाही असेल, वैशाखातही असेल, तर ती पावसाची नव्हेच. न्हाणीची मोरी, संडासाची टाकी, नळाचा फुटका पाइप किंवा गोठा पाहा. मोरीचा वापर आठवडाभर बंद करून बघा. गोठा भिंतीला लागून असेल तर तिथे दुहेरी त्रास: गोमूत्रातले क्षार भिंतीत शिरतात, भिंतीवर पांढरा खार फुटतो, आणि तो खार हवेतलं पाणी ओढून भिंत कायम ओली ठेवतो. गोठ्याची नाली दुसरीकडे काढल्याशिवाय अशा भिंतीला कुठलाही रंग टिकत नाही. खार कोरड्या ब्रशने झाडून बाहेर फेकायचा, पाण्याने धुवायचा नाही. पाण्याने तो परत आत जातो.

वाड्यातलं जुनं भुयार

दगड-चुन्याच्या भुयाराला सिमेंटचं प्लास्टर करणं हा सध्याचा सार्वत्रिक उपद्व्याप. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडतेही. सिमेंटने ती सोडण्याची वाट बंद होते, ओल वर चढत वरच्या मजल्याच्या भिंतीत दिसू लागते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत प्लास्टर दगडाचा पापुद्रा घेऊन सुटतं. सांधे मोकळे झाले असतील तर ते खरवडून चुना-रेतीनेच भरा, वर चुन्याची सफेदी. झरोके बुजवले असतील तर उघडा. त्या झरोक्यांच्या जोरावर भुयार इतकी वर्षं टिकलंय. भुयारावरच्या अंगणात नंतर कोणी टाइल्स बसवल्या असतील किंवा रस्ता उंच होऊन पाणी वाड्याकडे वळलं असेल, तर दोष तिथे आहे. गावोगाव सिमेंट रस्ते उंच होत गेले आणि जुनी घरं खड्ड्यात गेली, हे आपण रोज पाहतो.

तडा गेला, घाबरायचं किती?

उभा, केसासारखा बारीक तडा बहुधा काँक्रीट आकसल्याचा. भरून घ्या. आडवा तडा, भिंतीच्या मध्यावर किंवा थोडा वर, आणि तिथे भिंत आत आलेली, तर बाहेरचा दाब भिंतीला पेलवत नाहीये. टेकू लावा, वरची खोली रिकामी ठेवा, इंजिनिअर बोलवा. कोपऱ्यातून तिरका जिन्यासारखा चढणारा तडा म्हणजे पायाची एक बाजू खचली किंवा उचलली गेली. तडा जिवंत आहे की मेलेला, हे पाहायला त्याच्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंनी सिमेंटने चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. पट्टी फुटली तर हालचाल चालू आहे. काळ्या जमिनीत ही पट्टी एक उन्हाळा आणि एक पावसाळा दोन्ही पाहायला हवी, कारण काही तडे मे महिन्यात उघडतात आणि ऑगस्टात मिटतात. जवळचं मोठं झाड हे अशा तड्यांचं नेहमीचं कारण. निलगिरी, सुबाभूळ, पिंपळ यांची मुळं एका बाजूची माती सुकवतात. घरापासून झाडाच्या पूर्ण उंचीइतकं अंतर ठेवा.

माल, हवा आणि विष

तळघरात धान्य ठेवता येतं, पण पावसाळ्याआधी पूर्ण वाळवलेलं: गहू, तूर १२ टक्के ओलाव्याच्या आत. कट्टे लाकडी फळ्यांवर, जमिनीपासून अर्धा फूट वर आणि भिंतीपासून दीड-दोन फूट सोडून. सोयाबीनचं बियाणं तळघरात ठेवू नका, त्याची उगवण ओलीत झपाट्याने घसरते. कापूसही नको, आग लागली तर खालून वर यायला एकच जिना असतो. उधई येत असेल तर लाकडी चौकटींऐवजी लोखंडी घ्या आणि भिंतीवर मातीच्या नळ्या दिसतात का ते दर महिन्याला पाहा.

धान्यातली कीड मारायची सेल्फॉसची गोळी राहत्या घराच्या तळघरात कधीही वापरू नका. तिच्यातून निघणारा फॉस्फिन वायू जिन्याने, फटींनी वरच्या खोल्यांत पोचतो आणि झोपेतच माणसं मारतो. गॅस सिलिंडर, पेट्रोल, फवारणीची औषधं खाली नकोत. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो तळाशी साचतो आणि खिडकीने निघून जात नाही. जनरेटर किंवा डिझेल इंजिन खाली चालवलं तर कार्बन मोनॉक्साइडला वासही येत नाही.

बरेच दिवस बंद असलेलं पेव किंवा भुयार उघडताना लगेच उतरायचं नाही. साठवलेलं धान्य श्वास घेतं, प्राणवायू संपवतं. एक दिवस उघडं ठेवा, पंख्याने वारा घाला. कंदील सोडून तो विझतो का पाहण्याची जुनी रीत प्राणवायू कमी आहे एवढंच सांगते, विषारी वायू सांगत नाही. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसं. आत पडलेल्याला वाचवायला दुसरा तसाच उतरतो आणि दोघंही जातात, ही बातमी दरवर्षी कुठून तरी येतेच.

साप-विंचवांबद्दल: झरोक्यांना सहा मिलिमीटरपेक्षा बारीक छिद्रांची गॅल्व्हनाइज्ड जाळी, दाराखाली फट नाही, कट्ट्यांचे ढीग भिंतीपासून दूर. उन्हाळ्यात गारव्यासाठी खाली झोपायची चाल आहे, तर खाटेवर झोपा, मच्छरदाणी खोचून. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. तिचा दंश दुखतही नाही. असं काही झालं तर १०८ ला फोन करून थेट ग्रामीण रुग्णालय गाठा.

तळघर पाण्याने भरलं तर

पहिली गोष्ट, पाण्यात पाय ठेवण्याआधी वरच्या मजल्यावरून मेन स्विच बंद. मीटर किंवा बोर्डच खाली असेल तर उतरू नका, लाइनमनला बोलवा. घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच लाइन तोडणारा स्विच) नसेल तर तो बसवून घ्या, आणि तळघरातले सॉकेट चार फुटांच्या वर.

दुसरी गोष्ट, घाई नको. आसपासची जमीन पाण्याने तट्ट भरलेली असताना मोटार लावून तळघर एका दमात रिकामं केलं, तर बाहेरचा दाब भिंतीवर आणि फरशीवर एकदम येतो. आतलं पाणी तोवर तो तोलत होतं. भिंत आत पडण्याचे, फरशी उचलली जाण्याचे प्रकार अशा वेळी होतात. एक फूट पाणी काढा, भिंतीवर खूण करा, रात्रभर थांबा. सकाळी पाणी खुणेच्या वर आलं असेल तर अजून वेळ आहे, एक-दोन दिवसांनी पुन्हा करून पाहा. पातळी जागेवर असेल तर दिवसाला दोन-तीन फुटांनी उपसा. डिझेल पंप असेल तर इंजिन वर मोकळ्या हवेत, फक्त नळी खाली. उपसलेलं पाणी दूर नालीत. फरसबंदीवर सोडलं तर तेच पाणी परत येतं.

रिकामं झाल्यावर गाळ ओला असतानाच काढा, वाळला की खरवडावा लागतो. भिजलेलं धान्य जनावरांनाही घालू नका, बुरशीचं विष त्यांनाही लागतं. भिंती धुऊन ब्लीचिंग पावडरचं पाणी मारा, नंतर दारं-झरोके उघडे टाका. रंग, सफेदी, पुट्टी यातलं काहीही दिवाळीच्या धामधुमीत करू नका. भिंत पुढच्या एप्रिल-मेपर्यंत वाळू द्या, प्लॅस्टिकचा तुकडा पुन्हा चिकटवून पाहा, आणि तो दोन्ही अंगांनी कोरडा निघाला तरच रंगाऱ्याला बोलवा.